मॉड्युलर सिंथेसायझर बांधायला घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉड्युलरची गोडी लागली की पहिला प्रश्न येतो तो "कोणती मॉड्यूल्स घेऊ?" हाच. इथे तो मुद्दाम मधे कुठेतरी ठेवला आहे. त्याच्या आधीचे प्रश्न सुटले तर त्याचं उत्तर बरंचसं आपोआप मिळतं, आणि न सुटले तर महागात पडतं. उत्तरांत माझी मतंही आहेत. ती कुठली हे वाचताना कळेलच.

मॉड्युलर आणि नेहमीचा सिंथ यांत फरक काय?

नेहमीच्या सिंथमध्येही आवाज तयार करणारा ऑसिलेटर, तो गाळणारा फिल्टर, लहानमोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर असं सगळं असतं. फक्त कशाला काय जोडायचं हे बनवणाऱ्याने आधीच ठरवून आतून जोडून टाकलेलं असतं. मॉड्युलरमध्ये हे भाग सुटे येतात, आणि असा प्रत्येक सुटा भाग म्हणजे एक मॉड्यूल. प्रत्येकाच्या दर्शनी बाजूला जॅक असतात आणि जोडणी तुम्ही केबलने करता. अशा एका जोडणीला पॅच म्हणतात. केबल काढल्या की तो आवाज गेला.

सुरुवात १९६० च्या दशकात अमेरिकेत झाली. पूर्व किनाऱ्यावर रॉबर्ट मूग आणि पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुकला साधारण एकाच काळात, पण आपापले, अशा यंत्रांवर काम करत होते. मूगच्या यंत्राला पियानोसारखा कीबोर्ड होता. भरगच्च लहर घ्यायची आणि फिल्टरने तिच्यातलं नको ते कापायचं ही तिथली रीत. बुकलाने पियानोच्या पट्ट्या टाळल्या, स्पर्शाच्या पट्ट्या आणि सिक्वेन्सर (ठरवलेले स्वर एकामागून एक आपोआप पाठवणारा भाग) ठेवले. 'ईस्ट कोस्ट' आणि 'वेस्ट कोस्ट' हे शब्द कानावर पडतात ते तिथून आले. वेस्ट कोस्ट म्हणजे साधी लहर घेऊन तिला घड्या घालत तिच्यात नवे स्वरांश भरत जाणं. आजच्या बहुतेक सिस्टीममध्ये दोन्हींची सरमिसळ असते, त्यामुळे पक्ष निवडण्याची गरज नाही.

युरोरॅक म्हणजे काय? एचपी, यू ही काय मापं आहेत?

मॉड्यूलचं माप, वीज आणि जॅक यांचा हा एक ठरलेला साचा आहे. जर्मनीच्या डीटर डोपफर यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यात ए-१०० ही सिस्टीम आणली. तिची मापं बाकीच्यांनी उचलली आणि बघता बघता तोच सर्वमान्य साचा झाला. यू हे रॅकमधल्या उंचीचं माप. उंची ३यू, म्हणजे प्रत्यक्ष पॅनेल १२८.५ मिलिमीटर. रुंदी एचपीत मोजतात आणि १ एचपी म्हणजे ५.०८ मिलिमीटर, म्हणून ८४ एचपीची ओळ साधारण ४२७ मिलिमीटर भरते. जॅक ३.५ मिलिमीटरचे मोनो. वीज +१२ आणि −१२ व्होल्ट, काही मॉड्यूल्सना शिवाय +५ व्होल्ट लागतात.

इतर साचेही आहेत. मूगच्या वळणाचा ५यू, त्याचे जाड ६.३५ मिलिमीटरचे जॅक आणि ऐसपैस नॉब. बुकला आणि सर्जच्या सिस्टीममधले बनाना प्लग. देखणे आहेत, पण सुरुवात युरोरॅकनेच करा. निवड, सेकंडहँड बाजार आणि अडलं तर मदत करणारी माणसं, तिन्ही तिथे जास्त आहेत.

केबलमधून नेमकं काय जातं?

व्होल्टेज. दुसरं काही नाही. पण ते तीन प्रकारची कामं करतं.

एक, ऑडिओ: सेकंदाला शेकडो-हजारो वेळा साधारण +५ ते −५ व्होल्ट हेलकावे खाणारी लहर. दोन, कंट्रोल व्होल्टेज किंवा सीव्ही: नॉबवर हात ठेवून तुम्ही जे केलं असतं ते काम करणारं व्होल्टेज. तीन, गेट आणि ट्रिगर: "आता सुरू, आता बंद" असा निरोप. स्वर सुरू झाला की गेट शून्यावरून पाच किंवा जास्त व्होल्टवर जातो आणि स्वर सुटेपर्यंत तिथेच राहतो. ट्रिगर म्हणजे नुसती एक टिचकी.

स्वराची उंची ठरवणाऱ्या सीव्हीला युरोरॅकमध्ये 'एक व्होल्टला एक सप्तक' हा नियम आहे. व्होल्टेज एकाने वाढलं की स्वर एका सप्तकाने चढतो, आणि एक अर्धस्वर म्हणजे एका व्होल्टचा बारावा भाग, साधारण ८३ मिलिव्होल्ट. कॉर्ग एमएस-२० सारखे काही जुने सिंथ दुसरा नियम पाळतात. त्यांना युरोरॅकशी बोलायला लावायचं असेल तर मधे कन्व्हर्टर लागतो.

यातली मजेची गोष्ट अशी की हे तीन प्रकार आपण मानलेले आहेत, जॅकला त्यांचं काही देणंघेणं नाही. ऑसिलेटरची लहर फिल्टरच्या कटऑफमध्ये (फिल्टर कुठून कापेल ते ठरवणाऱ्या जॅकमध्ये) सोडा, आवाज खरखरीत धातूसारखा होतो. तोच ऑसिलेटर पुरेसा हळू केला तर त्याचा एलएफओ होतो, म्हणजे ऐकू न येणारी, पण दुसऱ्या कशाला तरी हळूहळू हलवणारी लहर. "हे इथे लावलं तर चालेल का?" याचं उत्तर बहुतेक वेळा "लावून बघा" हेच असतं.

आधी फुकटात शिकता येईल का?

येईल, आणि शिकावंच. व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर २०१७ साली आलं. संगणकावर स्वतंत्र चालणारी त्याची आवृत्ती मोफत आहे. पडद्यावर युरोरॅकच असतो: तीच एचपीची मापं, त्याच केबल, आणि कित्येक खऱ्या मॉड्यूल्सच्या हुबेहूब प्रती. मोफतच प्लगइन हवं असेल तर कार्डिनल आहे.

इथे काही आठवडे काढा, पण एक बंधन घालून. मॉड्यूल फुकट मिळतात म्हणून दोनशे ओतू नका. बारा निवडा आणि तेवढ्यांतच फिरा. कोणतं मॉड्यूल रोज हाताशी येतं आणि कोणतं कोपऱ्यात पडून राहतं, हे लिहून ठेवा. ती यादी कुठल्याही जाणकाराच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते, कारण ती तुमच्या सवयीची आहे.

पडद्यावर जे कळत नाही ते म्हणजे हाताचा हिशोब. दोन नॉब एकाच वेळी दोन हातांनी फिरवणं माउसने जमत नाही, आणि मॉड्युलरचं निम्मं वाजवणं तेच असतं.

सेमी-मॉड्युलर घेऊन सुरुवात केली तर?

उत्तम. सेमी-मॉड्युलरमध्ये आतली जोडणी तयार असते, म्हणजे केबल न लावताही तो वाजतो. केबल लावली की तेवढी आतली जोडणी तुटून तुमची चालू होते. मूगचा मदर-३२, मेक नॉइजचा झीरो-कोस्ट, बेहरिंगरचा न्यूट्रॉन ही ठळक नावं. मदर-३२ ची रुंदी ६० एचपी आहे आणि तो त्याच्या खोक्यातून काढून सरळ युरोरॅकच्या केसमध्ये (मॉड्यूल्स बसवायच्या खोक्यात) बसवता येतो. शिवाय अशा एका यंत्रात ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप (स्वर सुरू झाल्यावर चढून उतरणारं व्होल्टेज देणारा भाग), व्हीसीए (व्होल्टेजने चालणारा अ‍ॅम्प्लिफायर) सगळं येतं, आणि ते सुटं घेण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

ज्यांना अजून "हे आपल्याला आवडेल का" याची खात्री नाही त्यांनी इथेच थांबावं. सेमी-मॉड्युलर आवडला नाही तर तो विकणं सोपं, अर्धवट भरलेली केस विकणं कटकटीचं.

मला मॉड्युलरची गरज आहे का?

तीन-चार स्वर एकत्र वाजवणारं वाद्य हवं असेल, कालचा आवाज आज एका बटणावर परत हवा असेल किंवा गाणी भराभर पुरी करायची असतील, तर नाही. मॉड्युलरमध्ये प्रत्येक जादा स्वराला वेगळा ऑसिलेटर, वेगळा एन्व्हलप, वेगळा व्हीसीए लागतो. तीन सुरांच्या साध्या कॉर्डसाठी जेवढा खर्च होतो तेवढ्यात चांगला पॉलिफोनिक कीबोर्ड येतो.

केस किती मोठी घ्यावी?

आज जेवढी पुरेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. ८४ किंवा १०४ एचपीच्या दोन ओळी ही समजूतदार सुरुवात आहे. निम्मी जागा रिकामी राहू द्या आणि तिच्यावर कोऱ्या पट्ट्या लावा. उघडी ठेवली तर एखादा स्क्रू किंवा केबलचं टोक आतल्या बसबोर्डवर (मॉड्यूल्सना वीज वाटणाऱ्या पट्टीवर) पडू शकतं.

लहान केसच्या बंधनात सर्जनशीलता फुलते असं म्हणणारेही आहेत आणि ते खोटं नाही. पण ते बंधन अनुभवी माणसाने स्वतःवर घालून घ्यायचं असतं. नवख्या माणसाची ४८ एचपीची केस भरते ती चमकदार ऑसिलेटरनी, आणि मग मिक्सरला जागाच उरत नाही.

खोलीही तपासा. उथळ केसमध्ये काही जुनी, मागे लांब असलेली मॉड्यूल्स मावत नाहीत. मॉड्युलरग्रिड या संकेतस्थळावर आपली केस मांडून पाहिली की रुंदी, खोली आणि विजेची बेरीज तिन्ही दिसतात. स्क्रू बहुतेक ठिकाणी एम३ मापाचे लागतात. केसमध्ये सरकते नट असतील तर मॉड्यूल बसवताना ते भोकासमोर आणताना जीव मेटाकुटीला येतो. आखीव भोकांची पट्टी असेल तर सुख.

विजेचं काय? काही जळेल का?

या छंदात खरं नुकसान होतं ते इथेच, म्हणून हे उत्तर सावकाश वाचा.

प्रत्येक मॉड्यूल +१२ वर किती आणि −१२ वर किती मिलिअँपिअर ओढतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. दोन्हींची, आणि लागत असेल तर +५ ची, वेगवेगळी बेरीज करा. मग पॉवर सप्लायच्या आकड्याशी ताडून पाहा आणि वर निदान पाव हिस्सा मोकळा ठेवा. समजा +१२ वरची बेरीज ९०० मिलिअँपिअर आली. १२०० चा सप्लाय चालेल, १००० चा काठावर आहे. काठावरचा सप्लाय रोज त्रास देतो असं नाही, पण काही डिजिटल मॉड्यूल्स चालू होताना क्षणभर नेहमीपेक्षा जास्त वीज ओढतात आणि तेव्हाच नेमकं एखादं सुरूच होत नाही.

आता मागची रिबन केबल. तिच्या एका कडेला लाल रेघ असते आणि ती −१२ व्होल्टची बाजू. बसबोर्डावर ही बाजू छापलेली असते, मॉड्यूलच्या पाठीवर बहुतेक वेळा छापलेली असते. केबल उलटी लागली तर +१२ च्या जागी −१२ जातं. बऱ्याच मॉड्यूल्सना यापासून संरक्षण असतं, सगळ्यांना नसतं. १६ पिनांची केबल एका रांगेने सरकून लागणं हा दुसरा धोका, विशेषतः भोवती कुंपण नसलेल्या नुसत्या पिनांवर. त्यामुळे वीज बंद, भिंतीतला प्लग काढलेला, हातात टॉर्च, आणि केबल लावल्यावर दोन्ही टोकं पुन्हा पाहायची. नवीन मॉड्यूल एका वेळी एकच जोडा, चालू करून बघा, मग पुढचं. घाईत चार एकदम जोडली आणि काही बिघडलं तर कोणामुळे ते शोधत बसावं लागतं.

पॉवर सप्लाय तयारच घ्या. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर लावून आत फक्त कमी व्होल्टचा डीसी घेणारे सप्लाय मिळतात, ते नवख्यासाठी सगळ्यात बरे. घरच्या मेन्सच्या विजेशी खेळत सप्लाय बांधणं हे शिकण्याचं ठिकाण नव्हे.

बरं, मग पहिली मॉड्यूल्स कोणती?

आधी एक वाक्य लिहा: "या सिस्टीमने मला ___ करून द्यायला हवं." संथ, स्वतःच बदलत राहणारा आवाज? तालवाद्यं? खर्जातली बेसलाइन? गिटार किंवा गळ्याचा आवाज आत घेऊन त्याचं काहीतरी वेगळंच करणं? वाक्य जमलं नाही तर अजून खरेदीची वेळ झालेली नाही.

बेसलाइनसारख्या, एका वेळी एकच स्वर असलेल्या आवाजासाठी माझी यादी अशी होईल: एक ऑसिलेटर, एक फिल्टर, चार व्हीसीए असलेलं एक मॉड्यूल, दोन एन्व्हलप, एक एलएफओ, एक लहान मिक्सर, सिग्नल कमी किंवा उलटा करणारे दोन-चार अटेन्यूव्हर्टर, एक मल्टिपल (एका सिग्नलच्या अनेक शाखा करणारं), आणि स्वर पाठवायला सिक्वेन्सर किंवा मिडी-टू-सीव्ही (कीबोर्ड किंवा संगणकाच्या मिडी निरोपांचं व्होल्टेज करणारं). एन्व्हलपऐवजी मेक नॉइजचं मॅथ्स घेणारे खूप आहेत आणि त्यांचं बरोबर आहे, कारण ते एन्व्हलप, एलएफओ, व्होल्टेजची बेरीज आणि इतर बरंच काही करतं. मात्र पहिल्या दिवशी ते भंजाळून टाकतं.

ऑसिलेटरच्या बाबतीत म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या प्लेट्सचं नाव सारखं कानावर येईल. एमिली जिए यांची ही कंपनी आता बंद आहे, पण त्यांनी डिझाइन्स खुली ठेवली, त्यामुळे इतरांनी बनवलेल्या प्रती, कित्येकदा निम्म्या रुंदीच्या, मिळत राहतात. निम्मी रुंदी ऐकायला छान वाटते. नॉब इतके जवळ येतात की एक फिरवताना दुसरा हलतो. दोन बोटं नीट मावतील तेवढी जागा असलेलं मॉड्यूल घ्या.

सगळे "व्हीसीए घ्या, व्हीसीए घ्या" का म्हणतात? ते तर नुसतं आवाज लहानमोठा करतं.

कारण ते आवाजच नव्हे, कुठलंही व्होल्टेज लहानमोठं करतं, आणि ते काम तुमच्या हाताऐवजी दुसऱ्या व्होल्टेजकडून करून घेतं. हा मुद्दा एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून हे करून पाहा.

एलएफओ थेट ऑसिलेटरच्या फ्रीक्वेन्सी इनपुटला लावा आणि तिथला नॉब थोडाच उघडा. स्वर थरथरू लागेल. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत सारखाच थरथरेल, आणि अर्ध्या मिनिटात कंटाळा येईल. आता एलएफओ आणि ऑसिलेटर यांच्या मधे एक व्हीसीए घाला. त्या व्हीसीएच्या सीव्हीला दुसरा एन्व्हलप लावा, अटॅक (चढायला लागणारा वेळ) सेकंदभराचा, आणि त्याला स्वराचाच गेट द्या. आता स्वर लागतो तेव्हा स्थिर असतो. धरून ठेवलात तर हळूहळू कंप येतो, वाढतो. छोटे स्वर कोरे राहतात, लांब स्वरांना कंप चढतो. गाणारा माणूस जे न सांगता करतो ते इथे तीन-चार केबलमध्ये झालं, आणि त्यात नवा ऑसिलेटर, नवा फिल्टर काहीही आलं नाही.

म्हणून चार व्हीसीएचं मॉड्यूल हे दिसायला सगळ्यात नीरस आणि वापरायला सगळ्यात फायद्याचं. अटेन्यूव्हर्टरचंही तेच. एन्व्हलप शून्यापासून आठ-दहा व्होल्टपर्यंत उसळतो. फिल्टरला त्यातले दीड व्होल्ट पुरतात. मधे कमी करणारं कोणी नसेल तर तुमच्या सगळ्या पॅचमध्ये सगळं एकतर पूर्ण उघडं नाहीतर पूर्ण बंद असणार. नवख्यांच्या सिस्टीम एकसारख्या किंचाळतात त्याचं कारण बहुधा एवढंच.

खरेदी करताना एक बघा: व्हीसीए लिनिअर आहे की एक्स्पोनेन्शिअल. सीव्ही कमीजास्त करायला लिनिअर हवा. आवाजासाठी एक्स्पोनेन्शिअल कानाला बरा लागतो. दोन्हींत बदलता येणारा मिळाला तर प्रश्नच मिटला.

पहिला पॅच कसा लावू?

ऑसिलेटरचा करवती लहरीचा आउटपुट फिल्टरच्या इनपुटला. फिल्टरचा आउटपुट व्हीसीएला. व्हीसीएचा आउटपुट मिक्सरला आणि तिथून बाहेर. इथवर काही ऐकू येणार नाही, कारण व्हीसीए बंद आहे. त्याचा नॉब हाताने उघडा, सलग भोंग्यासारखा आवाज आला की मार्ग बरोबर. नॉब परत बंद.

आता सिक्वेन्सरचा पिच सीव्ही ऑसिलेटरच्या 'एक व्होल्टला सप्तक' लिहिलेल्या जॅकला आणि गेट एन्व्हलपला. एन्व्हलपचा आउटपुट व्हीसीएच्या सीव्हीला. स्वर वेगवेगळे ऐकू येतील. मल्टिपलने त्याच एन्व्हलपची एक शाखा अटेन्यूएटरमधून (सिग्नल नुसता कमी करणाऱ्या भागातून) फिल्टरच्या कटऑफला द्या. झाला पहिला पॅच. यात अजून काही न घालता एक संध्याकाळ फक्त एन्व्हलपचे चार नॉब आणि कटऑफ फिरवत बसा.

मल्टिपल साधं घ्यावं की बफर असलेलं?

गेट, ट्रिगर, एन्व्हलप, एलएफओ यांच्यासाठी साधं पॅसिव्ह पुरतं. विजेविना चालतं, स्वस्त असतं. पिच सीव्हीसाठी बफर असलेलं, म्हणजे व्होल्टेज गळू न देता पुढे पाठवणारं, घ्या. कारण असं: समजा सिक्वेन्सरच्या आउटपुटला आत १ किलोओहमचा रोध आहे आणि ऑसिलेटरच्या इनपुटला १०० किलोओहमचा. एकच ऑसिलेटर लावला तर साधारण एक टक्का व्होल्टेज गळतं. आणखी एक लावला की गळती दोन टक्क्यांच्या आसपास जाते. प्रत्येक सप्तकामागे जादा एक टक्का म्हणजे १० मिलिव्होल्ट, म्हणजे १२ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). एका सप्तकात दुर्लक्ष करता येईल, तीन सप्तकं वर गेल्यावर स्वर सरळ उतरलेला ऐकू येतो. सगळ्याच सिक्वेन्सरना हा त्रास होत नाही, काहींनी आतच याची सोय केलेली असते.

चुकीच्या जॅकमध्ये केबल लावली तर काही बिघडेल का?

समोरच्या बाजूला, सहसा नाही. सिस्टीम चालू असताना केबल लावा, काढा, बिनधास्त. आउटपुटला आउटपुट चुकून लागला तरी आतले रोध बहुतेक मॉड्यूल्स वाचवतात; मुद्दाम तसं ठेवू मात्र नका. दोन आवाज एकत्र करायला मिक्सर असतो, पॅसिव्ह मल्टिपल उलटं वापरणं हा मिक्सर नव्हे.

हेडफोन थेट मॉड्यूलच्या जॅकमध्ये घालू नका. तिथला सिग्नल कानासाठी भलताच मोठा असतो, आणि स्टीरिओ प्लग मोनो जॅकमध्ये लावला तर आवाज एकाच कानात येतो.

स्वर जागेवर का राहत नाही?

अ‍ॅनालॉग ऑसिलेटर तापमानाला भुलतात. चालू करून वीस मिनिटं ते अर्धा तास जाऊ द्या, मग सुरात लावा. तरीही खालचं सप्तक जुळतं आणि वरचं उतरतं किंवा चढतं असं होत असेल तर दोष ट्यूनिंगचा नसून ट्रॅकिंगचा (व्होल्टेजच्या प्रमाणात स्वर नेमका चढण्याचा) आहे, आणि ते मॉड्यूलच्या पाठीमागच्या किंवा पॅनेलवरच्या बारीक ट्रिमरने सुधारतात. सुरुवातीलाच हात लावू नका. आधी वरचा पिच सीव्हीचा हिशोब तपासा.

एक सोय आहे ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पिच सीव्ही सलग असतो, त्याला बारा स्वरांचं बंधन नाही. बारात बांधतो तो क्वांटायझर. तो काढला की दोन स्वरांमधली सगळी जागा तुमची, आणि स्ल्यू लिमिटर घातला की एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं, हव्या त्या वेगाने.

संगणकाशी आणि कीबोर्डशी कसं जोडू?

मिडी-टू-सीव्ही मॉड्यूल हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग ऑडिओ इंटरफेसमधून (संगणकाच्या आत-बाहेर आवाज नेणाऱ्या यंत्रातून) सीव्ही पाठवण्याचा, पण त्यासाठी इंटरफेस डीसी-कपल्ड असायला हवा. सामान्य इंटरफेस स्थिर व्होल्टेज अडवतो, त्यामुळे धरून ठेवलेला स्वर हळूहळू शून्याकडे सरकतो. क्लॉक (तालाच्या टिचक्या) जुळत नसेल तर टप्प्यांची संख्या तपासा: मिडी एका ठोक्याला २४ टिचक्या देतं, आणि सिक्वेन्सर प्रत्येक टिचकीला पुढचा स्वर घेत असेल तर सगळं पिसाळल्यासारखं धावतं. मधे क्लॉक डिव्हायडर लावा.

रेकॉर्ड कसं करायचं? आउटपुट मॉड्यूल लागतंच का?

युरोरॅकचा ऑडिओ घरगुती लाइन लेव्हलच्या साधारण दहापट मोठा असतो. बऱ्याच इंटरफेसचा लाइन इनपुट गेन पूर्ण कमी केल्यावर तो सांभाळून घेतो. माइक इनपुटला लावू नका आणि फँटम पॉवर (माइकसाठी इंटरफेस पाठवतो ती वीज) बंद आहे ना ते बघा. म्हणजे पहिल्या दिवशी आउटपुट मॉड्यूल नसलं तरी शेवटच्या व्हीसीएवर लेव्हल कमी करून काम भागतं. हेडफोनची सोय हवी असेल तर घ्या.

जे वाजवाल ते रेकॉर्ड करत राहा, अगदी धडपड सुद्धा. तोच पॅच परत लावता येतो हा समज आहे. फोटो काढा, नॉबच्या जागा लिहा, तरी उद्या तो थोडा वेगळाच वाजेल.

किट आणून स्वतः सोल्डर करावं का?

आवड असेल तर जरूर. पैसे वाचतात, पण सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि पहिल्या दोन-तीन किटचा वेळ धरला तर सुरुवातीला फार नाही. आधी पॅसिव्ह मल्टिपल किंवा अटेन्यूएटर करा. त्यात वीज नाही, म्हणजे जळण्यासारखं काही नाही. नंतर थ्रू-होल भागांचं (पाय भोकांतून घालून सोल्डर करायचे) एखादं व्हीसीए. म्युझिक थिंग मॉड्युलरचं ट्युरिंग मशीन हे किट म्हणून फार लोकप्रिय आहे: कुठलेही, नेम नसलेले स्वर काढतं आणि एक नॉब फिरवला की त्यांतलेच स्वर धरून पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. तयार झालेलं मॉड्यूल केसमध्ये घालण्याआधी मल्टिमीटरने +१२, −१२ आणि ग्राउंड एकमेकांना चिकटलेले नाहीत हे तपासा.

सेकंडहँड घ्यावं का?

हो. विकणाऱ्याकडून चालू स्थितीतला व्हिडिओ मागवा, रिबन केबल आणि स्क्रू सोबत आहेत का विचारा.

सगळं जोडलं, पण आवाजच येत नाही. आता?

शेवटून मागे या. स्पीकर आणि इंटरफेस ठीक आहेत का? मग ऑसिलेटर थेट आउटपुटला लावा, लेव्हल कमी ठेवून. आवाज आला तर ऑसिलेटर निर्दोष. आता फिल्टर मधे घाला. गप्प झाला तर कटऑफ बंद असेल. मग व्हीसीए, गप्प झाला तर नॉब हाताने उघडा. हाताने उघडल्यावर वाजतं पण एन्व्हलपने वाजत नाही, तर एन्व्हलपचा दिवा लागतो का पाहा. लागत नसेल तर गेट पोचत नाही, आणि कित्येकदा सिक्वेन्सर नुसता थांबलेला असतो. एखाद्या मॉड्यूलचे सगळेच दिवे विझलेले असतील तर वीज बंद करून मागची रिबन केबल बघा. हे सगळं ठीक निघालं तर एकेक पॅच केबल बदला. आतून तुटलेली केबल बाहेरून नवीकोरी दिसते, म्हणून सापडली की लगेच टोक कापून टाका, नाहीतर ती पुन्हा बाकीच्यांच्या गठ्ठ्यात जाते.